श्वासाची पावती

गेल्या महिन्यात इंदूरला जाऊन आलो. राजेंद्र नगरात माझी मावसबहीण राहते, तिच्या यजमानांची एकसष्टी होती. राजेंद्र नगर म्हणजे इंदूरच्या मराठी माणसांचं मोठं ठिकाण. दारांवर मराठी आडनावं, गणपतीत आरत्या मराठी, आणि पोरांच्या बोलण्यात मात्र हिंदी अशी बेमालूम मिसळलेली की भाचा मला म्हणतो, "मामा, काय शोधून राहिलात?"

मी शोधत होतो आंघोळीची बादली. बादली न्हाणीघरातच होती, पण तिच्यात काळ्या नळ्यांचं एक भेंडोळं भिजत पडलं होतं. पाहुण्यांनी घर भरलेलं, आंघोळीला रांग लागलेली, आणि ह्या भेंडोळ्याने बादली अडवलेली! मी ते उचलून बाजूला ठेवायला गेलो तर भाचा धावत आला. "मामा, हात नका लावू त्याला. तो माझा रेग्युलेटर आहे."

हा भाचा स्कूबा डायव्हिंग करतो. समुद्रापासून इतक्या लांब राहणाऱ्या मुलाला हे वेड लागलं ते आमच्या गोव्यातच. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे सुट्टीला आला, मित्रांबरोबर ग्रँड आयलंडला गेला आणि तिथून परत आला तो पाण्याखालचंच बोलत. पुढे रीतसर शिकला, स्वतःचं सामान घेतलं. ह्या खेपेला माझ्या आधी दोनच दिवस तो गोव्याहून परतला होता. खारं पाणी लागलेलं सामान तिथे धुतलं होतंच, पण ह्याचं समाधान नाही, म्हणून घरी पुन्हा गोड्या पाण्यात भिजत घातलेलं. मला गंमत वाटली. इंदूरचं नळाचं पाणी नर्मदेचं. १९७८ साली ती योजना झाली आणि सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून पाणी शहरात आलं. म्हणजे अरबी समुद्राचं मीठ काढायला नर्मदेचं पाणी, आणि नर्मदा शेवटी भडोचपाशी जाऊन मिळते ती त्याच समुद्राला!

असो. बादलीवरून सुरू झालेलं बोलणं रात्री गच्चीवर गेलं आणि तिथे त्याने मला गेल्या वर्षीची एक हकिकत सांगितली. "आईला नका सांगू," असं आधी बजावून. (आता त्याने स्वतःच तिला सांगितलं आहे, म्हणून इथे लिहितो आहे.)

हकिकत कळायला आधी हे यंत्र थोडं समजून घेतलं पाहिजे. मी कलाशाखेचा माणूस. भाच्याने मला जे दोन तास समजावलं ते इथे दोन परिच्छेदांत सांगतो.

डायव्हरच्या पाठीवरचा अॅल्युमिनियमचा सिलिंडर साधारण ११ लिटरचा असतो. त्यात ऑक्सिजन नसतो (हा आपला सगळ्यांचा गैरसमज), साधी गाळलेली हवा असते, पण ती दाबून भरलेली असते, सुमारे २०० बार दाबाने. आपल्या गाडीच्या टायरमधला दाब २ बारच्या आसपास. म्हणजे टायरच्या शंभरपट! अशी हवा थेट तोंडात घेता येत नाही. म्हणून रेग्युलेटर दोन टप्प्यांत दाब उतरवतो. सिलिंडरला बसवलेला पहिला टप्पा, म्हणजे फर्स्ट स्टेज, तो दाब भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा ९-१० बार जास्त इतक्यावर आणून ठेवतो. तोंडात धरायचा दुसरा टप्पा, सेकंड स्टेज, आपण श्वास ओढला की तेवढ्यापुरता उघडतो आणि भोवतालच्या पाण्याच्याच दाबाची हवा देतो. १० मीटर खोलीवर तो दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो, २० मीटरवर तिप्पट. हवाही त्याच हिशेबाने जास्त लागते. जमिनीवर मिनिटाला २० लिटर लागत असेल तर २० मीटरवर ६०.

ही सगळी करामत करणारे आतले भाग अगदी क्षुल्लक दिसतात. रबराची काही कडी, ज्यांना ओ-रिंग म्हणतात, प्लास्टिकच्या एक-दोन बारीक चकत्या, स्प्रिंगा, एक पडदा, एक गाळणी. मुठीत मावतील. कल्पना तरी आली कुठून? १९४३ साली झाक कूस्तो आणि एमिल गान्यां ह्या दोन फ्रेंच माणसांनी हे यंत्र सिद्ध केलं. महायुद्धात पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी गॅसवर चालवण्यासाठी गान्यांने एक झडप तयार केली होती, तीच पाण्याखालच्या श्वासासाठी बदलून घेतली. म्हणजे जन्मानेही ही वस्तू गॅरेजवाल्यांच्या जातकुळीतली. गॅरेजमधल्या वस्तूसारखी तिला वरचेवर सर्व्हिसिंग लागणारच. कंपनीनुसार वर्षाने किंवा दोन वर्षांनी, नाहीतर ठरावीक डाइव्हनंतर ती पूर्ण खोलायची, साफ करायची, झिजणारे भाग बदलायचे, दाब मोजून पुन्हा लावायची.

तर भाच्याने आपला रेग्युलेटर एका मोठ्या शहरातल्या दुकानात सर्व्हिसिंगला दिला. दोन आठवड्यांनी तो चकचकीत होऊन परत आला. वर तारखेचा स्टिकर. पैसे दिले, पावती घेतली. पावतीवर एकच ओळ होती: रेग्युलेटर सर्व्हिसिंग. त्यानंतर आठेक डाइव्ह व्यवस्थित झाले. चार महिन्यांनी एके दिवशी १४ मीटरवर असताना तोंडातल्या सेकंड स्टेजमधून हवा आपोआप सुटायला लागली. थांबेचना. कानापाशी नळ फुटल्यासारखा आवाज, डोळ्यांपुढे नुसते बुडबुडे आणि दाब दाखवणारा काटा दिसेल असा खाली सरकतोय. जोडीदार हाताच्या अंतरावर होता. त्याने आपला जादा सेकंड स्टेज पुढे केला, दोघांनी एकमेकांना धरलं आणि हळूहळू वर आले. घाबरून झटकन वर येणं किंवा श्वास रोखून धरणं हे तिथे हवा संपण्याइतकंच वाईट. वर येताना दाब कमी होतो, छातीतली कोंडलेली हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. शिकवलेलं सगळं त्याला त्या क्षणी आठवलं, हे त्याचं आणि शिकवणाऱ्यांचं भाग्य.

दुसऱ्या एका कारागिराने यंत्र खोललं तेव्हा फर्स्ट स्टेजची गाळणी हिरवी पडलेली होती आणि आतली चकती झिजून तिच्यावर खोल वळ उठला होता. चकती झिजली की मधला दाब हळूहळू चढत जातो आणि एका मर्यादेनंतर सेकंड स्टेजला तो आवरत नाही. कारागीर म्हणाला, हे भाग चार महिन्यांचे वाटत नाहीत. भाच्याने पहिल्या दुकानाला फोन केला. तिकडून उत्तर आलं, "आम्ही सगळं बदललं होतं. तुम्हीच आत पाणी घालवलं असणार."

इथे मला वाटलं, पुढे आता दुकानदाराला शिव्या येणार. पण भाचा जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मामा, खरं सांगू? मधे एकदा मी टोपी न लावता ते बादलीत बुडवलं होतं. लगेच काढलं. पण बुडवलं होतं." (फर्स्ट स्टेजच्या तोंडाला एक टोपी असते. ती घट्ट लावल्याशिवाय धुतलं तर पाणी थेट आत जातं.)

मग चूक कोणाची? दुकानाने भाग बदललेच नाहीत, की बदलले आणि ह्याच्या हलगर्जीपणाने ते खराब झाले? ते आजही त्याला ठाऊक नाही आणि कधी कळणारही नाही. कारण जुने भाग त्याने परत मागितले नव्हते, दुकानाने काय काय बदललं ते लिहून दिलं नव्हतं आणि दाब किती लावला ह्याची कुठेच नोंद नव्हती. मला ह्या हकिकतीत सगळ्यात जास्त टोचलं ते हेच. दुकान लबाड असेल तर ते सुटलं. आणि प्रामाणिक असेल, तर त्याला आपला प्रामाणिकपणा सिद्ध करायला एक कागदसुद्धा हाताशी नाही!

आपल्याकडे एक जुनी म्हण आहे: सोनार, शिंपी, कुळकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा. लहानपणी मला वाटायचं, ही तीन माणसं एका ओळीत कशी आली? पुढे नोकरीला लागल्यावर कळलं. सोनाराला सोनं द्यायचं, शिंप्याला कापड द्यायचं, कुळकर्ण्याला जमिनीचा कागद. तिघांकडेही आपली वस्तू आपल्या नजरेआड जाते आणि परत येते तेव्हा तिच्यातलं काय गेलं ते आपल्याला पारखता येत नाही. म्हण त्या माणसांना नावं ठेवते, ते काही बरोबर नाही. पण म्हणीच्या मुळाशी असलेली अडचण खरी आहे. ह्या यादीत आता डाइव्ह शॉप घालायला हरकत नाही. फरक एवढाच की तिथे गुंजभर सोनं कमी झालं तर नथ हलकी होते, इथे एक रबराचं कडं जुनंच राहिलं तर माणूस वर येत नाही.

आणि ह्या यादीतला कुळकर्णी अप्पा म्हणजे कोण? मीच की! सरकारी कारकून. म्हणून दुकानदारावर दगड उचलण्याआधी माझंही थोडं सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात माझ्याकडे नूतनीकरणाच्या फायली यायच्या. प्रत्येकीत पाहणीचा शेरा लागायचा. पहिल्या वर्षी मी साहेबांबरोबर जागेवर जाऊन शेरे लिहिले. दुसऱ्या वर्षी फायली वाढल्या, माणसं तेवढीच राहिली. एकदा मी टिपणी तयार करताना मागच्या वर्षीचा शेरा जसाच्या तसा उतरवला: पाहणी केली, सर्व ठीक आढळले. सही झाली, शिक्का बसला. काही बिघडलं नाही. म्हणून पुन्हा एकदा तसंच केलं. लबाडी करायची असं मनात एकदाही आलं नव्हतं. फक्त काम खूप होतं आणि न केलेल्या कामाला कोणी विचारत नव्हतं. भाच्याच्या रेग्युलेटरवरचा तो स्टिकर पाहिला तेव्हा मला माझा तो शेरा आठवला. स्टिकर म्हणजे केलेलं काम नव्हे, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

म्हणून माझं मत असं बनलं आहे. दुकानावर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्नच चुकीचा. विश्वास ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही. हे सुटे भाग आणि खोलण्याची माहितीपुस्तकं बहुतेक कंपन्या आपल्या प्रशिक्षित कारागिरांनाच देतात. काही हौशी मंडळी घरी खोलतात, पण अर्धवट ज्ञानावर आपल्याच श्वासाशी खेळू नये. प्रश्न असा विचारावा: ह्या दुकानाचं काम मला, किंवा माझ्या वतीने दुसऱ्या जाणकाराला, नंतर तपासता येतं का?

ते तपासायला फार लागत नाही. सामान देतानाच सांगायचं, बदललेले जुने भाग पिशवीत घालून परत द्या. चांगला कारागीर ह्यावर रागावत नाही. बरेच तर न मागताच देतात. पावतीवर काय बदललं, मधला दाब किती लावला, कोणी लावला, हे लिहून घ्यायचं. घेताना दुकानातच सिलिंडर जोडून दाबाचा काटा पाहायचा: तो एका आकड्यावर स्थिर राहिला पाहिजे, हळूहळू वर चढत असेल तर काम झालेलं नाही. हवा न जोडता टोपी लावून सेकंड स्टेजमधून श्वास ओढून पाहायचा. हवा मुळीच येता कामा नये. आली तर कुठेतरी फट आहे आणि त्या फटीतून पाणीही येईल. आणि सर्वांत महत्त्वाचं, नुकतंच सर्व्हिसिंग झालेलं सामान घेऊन थेट खोल समुद्रात जायचं नाही. आधी तलाव किंवा कमरेएवढं पाणी. ज्या यंत्राला आताच कोणी खोललं आहे त्याच्यातच काही उलटसुलट बसलेलं असण्याचा संभव असतो. मोटारसायकलवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

हवा भरण्याचंही तसंच. ज्या कॉम्प्रेसरने सिलिंडर भरतात त्याची हवा ओढणारी नळी एखाद्या इंजिनाच्या धुराजवळ असली तर कार्बन मोनॉक्साइड सिलिंडरमध्ये जातो. त्याला वास नसतो. तेव्हा त्या कॉम्प्रेसरची गाळणी कधी बदलली, हे विचारणं म्हणजे आगाऊपणा नव्हे.

कोणी म्हणेल, इतका संशय घेऊन जगायचं कसं? आमच्या गोव्यात पोदेर पहाटे पाव ठेवून जातो, आपण पीठ तपासायला जातो का? नाही. पण पाव शिळा असेल तर दाताखाली तो लगेच कळतो आणि उद्या पुन्हा पोदेर दारात येणार असतो. रोजची भेट आणि लगेच कळणारी चूक, ह्यांवर तो विश्वास उभा आहे. रेग्युलेटरचं तसं नाही. भेट वर्षातून एकदा, चूक कळणार ती पाण्याखाली. खडकांवरच्या शिनाण्यो काढायला आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या बुडी मारत आली. त्यांच्या छातीत होता तेवढाच श्वास, तो किती पुरतो ते त्यांचं त्यांना माहीत. तो श्वास जेव्हा आपण यंत्राकडून उसना घेतो, तेव्हा त्याचा हिशेबही कोणीतरी लिहून ठेवायला हवा.

हा हिशेब आपल्या घराघरांत आहे, फक्त आपण वाचत नाही. स्वयंपाकघरातल्या गॅस सिलिंडरच्या वरच्या कड्याला धरणाऱ्या पट्टीवर आतल्या बाजूने एक अक्षर आणि आकडा रंगवलेला असतो. 'बी २८' असेल तर जून २०२८ पर्यंत त्याची फेरतपासणी व्हायला हवी. ए म्हणजे मार्च, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. सिलिंडरांचे हे नियम पाहणारी 'पेसो' ही केंद्र सरकारची संस्था, तिचं मुख्यालय नागपूरला आहे. डायव्हिंगच्या सिलिंडरच्या खांद्यावरही दाबचाचणीची तारीख अशीच ठोकलेली असते. स्टिकर सोलून निघतो, ठोकलेली तारीख निघत नाही.

आता थोडं आपल्याकडे, म्हणजे गिऱ्हाइकांकडे वळतो. आपण भाजीवाल्याशी घासाघीस करतो ती भाजी डोळ्यांसमोर असते. पण सर्व्हिसिंगच्या पैशांत घासाघीस केली तर दुकानदार कमी कशात करणार? जे दिसत नाही त्यात! परदेशातून सुट्या भागांची पिशवी येणार, कारागिराचे दोन-तीन तास जाणार, त्याला मोल आहे. "शेजारचा निम्म्यात करतो" असं आपण सांगतो तेव्हा ते जुनं कडं पुन्हा बसवायला आपणच सुचवत असतो. तीच गोष्ट घाईची. गोव्यात, मालवणला पावसाळ्यात समुद्र बंद असतो. जून ते सप्टेंबर हे चार महिने सामान खोलायला हक्काचे. पण बहुतेक जण जागे होतात ऑक्टोबरात आणि मग "उद्या सकाळची बोट आहे" म्हणून दुकानात उभे राहतात. माझ्या फायलींचंही असंच होत असे, मार्चअखेरीला. घाईत लिहिलेले शेरे कसे असतात ते मी वर सांगितलंच आहे.

भाच्याने ते पहिलं दुकान सोडलं. पण नव्या दुकानाचं नाव काढून तो मला "हे लोक एकदम भरवशाचे" असं काही म्हणाला नाही, ते मला आवडलं. त्याऐवजी त्याने आतून एक वही आणि प्लास्टिकची छोटी पिशवी आणली. वहीत तारीख, डाइव्हची संख्या, दाबाचे आकडे, कारागिराची सही. आणि एका रकान्यात, त्याच्याच अक्षरात: टोपी न लावता बुडवले, माझी चूक. पिशवीत मागच्या सर्व्हिसिंगला निघालेली रबराची कडी आणि एक झिजलेली चकती. हातात घेऊन पाहिलं तर वजनही जाणवेना.

एकसष्टीच्या दुसऱ्या दिवशी त्याने ती वही आईपुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. ताईने आधी त्याला यथेच्छ झापलं. मग वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, एक शब्द न बोलता. शेवटी विचारलं, "पुढची तारीख कधीची आहे?"

"जूनमध्ये."

"मग मे महिन्यात मी आठवण करीन."

मी ऑफिसात परतलो त्या दिवशी टेबलावर नूतनीकरणाच्या सात फायली होत्या. तीन जागा अजून पाहायच्या आहेत. त्या फायलींवर मी अजून काही लिहिलेलं नाही.